वीजदराच्या नियमांना मुदतीची हमी हवी: महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगास पुण्याहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

विषय: वीजदर व जोडणीविषयक विनियमांचा स्वच्छ ऊर्जेतील नव्या तंत्रज्ञानावर होणारा परिणाम

महोदय,

पुणे, भोसरी, चाकण आणि हडपसर या पट्ट्यात सौर इन्व्हर्टर, बॅटरीचे नियंत्रक, विजेच्या वाहनांचे चार्जर आणि भट्ट्यांच्या नियंत्रण प्रणाली बनवणारे अनेक लहानमोठे उद्योग आहेत. त्यांपैकी एका लहान उद्योगात मी अभियंता म्हणून काम करते. आमचे उत्पादन कसे असावे हे आमच्या प्रयोगशाळेत ठरते असा समज आहे. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग आपल्या आदेशांनी ठरतो. कोणत्या तासाला वीज स्वस्त, छतावर तयार झालेले युनिट कोणत्या तासाच्या वापरातून वजा होणार, शिल्लक युनिटांचे वर्षाअखेरीस काय होणार आणि जोडणीचा अर्ज किती दिवसांत निकाली निघणार, एवढ्या गोष्टी कळल्या की कोणते यंत्र विकले जाईल हे सांगता येते. म्हणून हे पत्र ऊर्जा मंत्रालयाला किंवा एखाद्या वितरण कंपनीला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. स्वच्छ ऊर्जेतील नवे काम दर कमी मिळाल्याने सहसा अडत नाही. कमी दरातही काम करून दाखवणारे लोक या शहरात आहेत. ते अडते ते ज्या हिशेबावर पैसे गुंतवले तो हिशेब मुदत संपण्याआधी बदलल्याने, आणि वितरण परवानाधारकाचे, म्हणजे वीज वितरण कंपनीचे, उत्पन्न तारा व ट्रान्सफॉर्मर यांच्या किमतीशी बांधलेले राहिल्याने. या दोन्ही गोष्टी सुधारण्याचा अधिकार विद्युत अधिनियम, 2003 ने आपल्याला दिला आहे. कलम 61 मध्ये दरनिश्चितीची तत्त्वे सांगताना नवीकरणीय स्रोतांपासूनच्या वीजनिर्मितीला चालना देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि कलम 86 ने अशा निर्मितीला जोडणी व विक्रीची योग्य सोय करून देणे हे राज्य आयोगाचे कार्य ठरवले आहे.

पहिल्या मुद्द्यासाठी उष्णतोपचार करणाऱ्या कारखान्यांचे उदाहरण घेते, कारण त्यांची वीज मी जवळून पाहिली आहे. गिअर आणि शाफ्ट कडक करण्यासाठी ते भट्टीत घालून तासन् तास नऊशे अंशांच्या आसपास तापवावे लागतात. भट्टी एकदा तापली की मध्येच बंद करून चालत नाही, पण ती केव्हा तापवायला घ्यायची हे मालकाच्या हातात असते. राज्यात अनेक वर्षे उच्चदाब उद्योगांना रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत होती, तर संध्याकाळी 6 ते 10 या वेळेत 1 रुपया 10 पैसे जादा आकार होता. त्यामुळे भोसरीत दिवसभर माल धुऊन, जाळीच्या टोपल्यांत रचून तयार ठेवायचा आणि भट्टी रात्री दहाच्या ठोक्याला लावायची अशी शिस्तच पडली. त्या शिस्तीसाठी वेगळ्या पाळ्या लावल्या गेल्या, कामगारांसाठी रात्रीच्या वाहनाची व्यवस्था झाली, भट्टी आपोआप सुरू करणारे नियंत्रक बसवले गेले आणि उष्णता धरून ठेवणारे चांगल्या प्रतीचे अस्तर लावण्यावर खर्च झाला. हा सगळा खर्च आयोगाच्या दरपत्रकावर विश्वास ठेवून झालेला होता.

28 मार्च 2025 च्या बहुवार्षिक दरआदेशाने आणि पुढे फेरविचारानंतर 25 जून 2025 रोजी दिलेल्या आदेशाने या वेळा उलट्या झाल्या. रात्रीची सवलत गेली, सवलतीची वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 5 अशी झाली आणि संध्याकाळी 5 पासून मध्यरात्रीपर्यंतची वीज महाग झाली. या बदलामागचे कारण मला पूर्ण पटते. दुपारी सौरवीज भरपूर असते आणि सूर्य मावळल्यावर टंचाई होते. ऊर्जा विनिमय केंद्रावर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, दुपारचे भाव कोसळलेले आणि संध्याकाळचे भाव केंद्रीय आयोगाने घालून दिलेल्या 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकलेले आपण पाहिले आहेत. केंद्र सरकारच्या 2023 च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनीही सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायला सांगितले आहे. तेव्हा वेळा बदलायला हव्याच होत्या. माझी हरकत बदल ज्या रीतीने झाला त्या रीतीला आहे: मार्चअखेरचा आदेश, काही दिवसांत त्याला स्थगिती, तीन महिन्यांनी वेगळे आकडे आणि 1 जुलैपासून त्यांची अंमलबजावणी. या फेरविचाराची वैधता तपासणे न्यायासनांचे काम आहे, त्यात मी शिरत नाही. पण ज्या मालकाने त्या वर्षी नवी भट्टी मागवण्याचे ठरवले होते त्याने मार्च ते जुलै या काळात कोणत्या दराचा हिशेब मांडायचा होता, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. अशा वेळी तो काहीच मागवत नाही, आणि त्याच्याकडून मागणी येईल म्हणून दोन वर्षे काम करणारा अभियंताही हात आखडता घेतो.

याच बदलाची छतावरील सौरसंचाशी पडलेली गाठ फारशी चर्चेत आली नाही, म्हणून ती इथे उलगडून सांगते. छतावरील नवीकरणीय निर्मितीसाठीच्या 2019 च्या विनियमांत असे ठरले आहे की, टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा वीजदर) लागू असलेल्या ग्राहकाचे युनिट आधी त्याच वेळेच्या वापरातून वजा व्हावे आणि त्या वेळेत वापरापेक्षा जास्त निर्मिती झाली तर ती शिल्लक कमी मागणीच्या वेळेत झाली असे धरावे. हे विनियम झाले तेव्हा कमी मागणीची वेळ म्हणजे रात्र. साहजिकच साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी छतावर तयार झालेली वीज कारखाना रात्रपाळीच्या वापरातून वजा करू शकत होता, आणि याच हिशेबावर बँकांनी कर्जे दिली, कारखान्यांनी पत्र्याच्या छपरांवर पॅनेल चढवली. दरआदेशाने कमी मागणीची वेळ दिवसा आणली तेव्हा 2019 च्या विनियमातला एक शब्दही बदलला नाही, पण त्याचा अर्थ मात्र पालटला. दुपारी उरलेले युनिट आता दुपारच्याच वापराशी जुळवायचे आहे. रात्रपाळीला ते उपयोगी पडत नाही. विनियम बदलायचा तर मसुदा प्रसिद्ध करून त्याच विषयावर हरकती मागवाव्या लागतात. इथे शेकडो पानांच्या दरयाचिकेतील वेळांच्या तक्त्यातून तोच परिणाम साधला गेला. आयोगाचा तसा हेतू होता असे मी म्हणत नाही. पण संच बसवून तीन वर्षे झालेल्या उद्योजकाच्या कर्जाच्या हप्त्याला हेतूने फरक पडत नाही.

परदेशातला अनुभव या बाबतीत बोलका आहे. अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या आयोगाने डिसेंबर 2015 मध्ये छतावरील सौरवीजेचा मोबदला घटवला आणि तो नियम आधीच संच बसवलेल्या घरांनाही लावला. मोठ्या सौर कंपन्यांनी त्या राज्यातील नवे काम थांबवले, लोक रस्त्यावर आले, सप्टेंबर 2016 मध्ये जुन्या ग्राहकांना जुने दर वीस वर्षांसाठी परत द्यावे लागले आणि 2017 मध्ये विधिमंडळाला नवा कायदा करावा लागला. कॅलिफोर्नियाने डिसेंबर 2022 मध्ये याहून कठोर म्हणावा असा बदल केला. पण तो 15 एप्रिल 2023 पासून अर्ज करणाऱ्यांपुरता ठेवला आणि आधीच्यांना त्यांच्या जोडणीपासून वीस वर्षांचे संरक्षण कायम राखले. नव्या संचांची मागणी तिथेही घसरली, हे मान्य करायला हवे. परंतु ज्यांनी नंतर संच बसवले त्यांच्यात बॅटरी जोडण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले, कारण दुपारचे युनिट साठवून संध्याकाळी वापरण्याचा मोबदला नव्या नियमांत स्पष्ट दिसत होता आणि तो टिकेल असा भरवसा होता. नियम कडक असूनही त्यातून नवे तंत्र उभे राहू शकते, असा याचा अर्थ मी लावते. तो नियम उद्याही तोच असेल याची खात्री तेवढी हवी.

महाराष्ट्राला यासाठी दूर पाहण्याचीही गरज नाही, आपल्याच आयोगाचा इतिहास पुरेसा आहे. 24 नोव्हेंबर 2003 च्या पवनऊर्जा आदेशाने नव्या प्रकल्पांसाठी पहिल्या वर्षी 3 रुपये 50 पैसे आणि त्यापुढे दरवर्षी 15 पैसे वाढ असा दर तेरा वर्षांच्या करारासाठी ठरवून दिला. पवनचक्की लावणाऱ्याला तेराव्या वर्षीचा आकडा पहिल्या दिवशी ठाऊक होता. सातारा, सांगली, धुळे या जिल्ह्यांच्या पठारांवर जी पाती फिरताना दिसतात, त्यांतील कितीतरी त्या खात्रीवर उभी राहिली, आणि पवनचक्क्या बनवणारी देशातील एक अग्रगण्य कंपनी याच शहरातून चालते. पुढे 2010 च्या विनियमांत आयोगाने वाऱ्याच्या ऊर्जाघनतेनुसार जागांचे चार विभाग केले आणि मंद वाऱ्याच्या जागेला वेगळा दर दिला. मंद वाऱ्यातही परवडेल असे उंच मनोरे आणि लांब पाती यांना त्यामुळे आपल्याकडे अर्थ प्राप्त झाला. संशोधनासाठी एक रुपयाचेही अनुदान न देता दराच्या रचनेतून तंत्रज्ञानाला दिशा कशी देता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे आणि ते आपल्याच दप्तरात आहे.

दुसरे उदाहरण तर खास पुण्याचे. 2006 साली राज्यभर भारनियमन चालू असताना इथल्या उद्योगांनी आपले खासगी जनित्रसंच टंचाईच्या तासांत चालवायचे, त्यातून मोकळी होणारी वीज शहराला द्यायची आणि त्याचा जादा खर्च शहरातील ग्राहकांनी आकाराच्या रूपाने भरायचा, अशी योजना पुढे आली. उद्योगांची संघटना, वितरण कंपनी आणि ‘प्रयास’सारखी अभ्यासू संस्था यांनी तिच्यावर काम केले, आयोगाने सुनावणी घेऊन तिला मान्यता दिली, लहान घरगुती ग्राहकांना जादा आकारातून वगळले आणि पुणे भारनियमनातून सुटले. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ती योजना देशभर ओळखली गेली. जनित्रे डिझेलवर चालणारी होती, धूर करणारी होती. त्या अर्थाने ती स्वच्छ ऊर्जा नव्हती. पण नियमनाच्या दृष्टीने तिच्यात जे होते ते आज पुन्हा हवे आहे: ग्राहकाच्या आवारातील साधन हे जाळ्याचे साधन मानणे, त्याच्या सेवेची किंमत ठरवणे आणि ती किंमत कोणी भरायची हे उघड सुनावणीत निश्चित करणे. डिझेल जनित्राच्या जागी आज कारखान्यातील बॅटरी, शीतगृहातील साठवलेला थंडावा, आगारात उभ्या असलेल्या ई-बस किंवा एखाद्या सोसायटीचे पाण्याचे पंप ठेवून पाहा. ही सगळी साधने संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत मागणी कमी करू शकतात. आयोगाने 2024 मध्ये मागणीच्या लवचिकतेविषयी विनियम करून या दिशेने पाऊल टाकले, त्याचे मी मनापासून स्वागत करते. मात्र लहान लहान ग्राहकांची लवचिकता एकत्र करून ती परवानाधारकाला विकणारा मध्यस्थ कोणत्या अटींवर उभा राहील, त्याला मोबदला कोणत्या दराने व किती दिवसांत मिळेल आणि तो कोणत्या मोजणीवर मिळेल, हे ठरल्याशिवाय पुण्यातील कोणताही नवउद्योग या कामात पैसे घालणार नाही.

इथे मी दुसऱ्या मुद्द्याकडे येते, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षाही खोलवरचा आहे. वितरण परवानाधारकाने मंजूर भांडवली खर्च केला की सर्वसाधारणपणे त्याचा सत्तर टक्के भाग कर्ज आणि तीस टक्के भाग भागभांडवल धरून त्या भागभांडवलावर परतावा मिळतो. परताव्याचा थोडा भाग कामगिरीशी जोडण्याची सुरुवात आयोगाने केली आहे, तरीही मूळ कमाई मालमत्तेवरच होते. आता एखाद्या उपनगरातील उपकेंद्र उन्हाळ्यातील काही संध्याकाळी अतिभारित होते असे समजा. नवे उपकेंद्र बांधले तर परवानाधारकाच्या मालमत्तेत भर पडते आणि तिच्यावर वर्षानुवर्षे परतावा मिळतो. त्याच भागातील वातानुकूलन यंत्रे, चार्जर आणि बॅटऱ्या यांच्याकडून त्या संध्याकाळींपुरती मागणी कमी करून घेतली, तर खर्च बहुधा कमी येईल, पण तो चालू खर्च म्हणून नोंदला जाईल आणि त्यावर कमाई शून्य. अशा रचनेत परवानाधारकाचा प्रामाणिक अभियंतासुद्धा उपकेंद्राचाच प्रस्ताव पाठवेल. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्यापुढचे गणितच तसे मांडलेले आहे.

हे गणित बदलता येते. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन आणि क्वीन्स या भागांना वीज देणाऱ्या कंपनीला एक अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचे उपकेंद्र बांधायचे होते. तेथील आयोगाने डिसेंबर 2014 मध्ये तिला सुमारे 20 कोटी डॉलर ग्राहकांच्या बाजूच्या उपायांवर, म्हणजे कार्यक्षम दिवे, साठवण, मागणीतील घट अशांवर खर्च करण्यास परवानगी दिली आणि मुख्य म्हणजे त्या खर्चावरही परतावा आणि उद्दिष्टे गाठल्यास जादा मोबदला देऊ केला. ब्रिटनच्या नियामकाने 2013 पासून अमलात आणलेल्या पद्धतीत जाळे चालवणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्न ग्राहकाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या परिणामांशी जोडले आणि नव्या तंत्राच्या चाचण्यांसाठी वेगळी तरतूद ठेवली. तिथल्या कंपन्यांनी त्यातही भरपूर नफा कमावला अशी टीका झाली, ती रास्त आहे आणि आपण उद्दिष्टे ठरवताना ती ध्यानात ठेवावी लागेल. परंतु मुळात प्रश्न योग्य जागी विचारला गेला होता: खर्च कशावर झाला हे न पाहता ग्राहकाची गरज किती कमी खर्चात भागली ते पाहायचे.

म्हणून आयोगाला माझी विनंती आहे की, मोठ्या भांडवली योजनांना तत्त्वतः मंजुरी देताना परवानाधारकाने तारांविना पर्यायाचा, म्हणजे नव्या तारा-उपकेंद्रांऐवजी मागणी कमी करून गरज भागवण्याच्या उपायांचा, तुलनात्मक हिशेब सादर करणे बंधनकारक करावे, तो हिशेब जनतेसाठी खुला ठेवावा, आणि पर्याय स्वस्त ठरला तर झालेल्या बचतीतील काही हिस्सा परवानाधारकाला ठेवू द्यावा. पुण्यातील बाणेर-बालेवाडी, वाघोली किंवा हिंजवडीसारखा मागणी भराभर वाढणारा एखादा भाग यासाठी पहिल्यांदा निवडता येईल.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या बाबतीत अडथळा वेगळ्या प्रकारचा आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला तीन किलोवॉटपर्यंत 78 हजार रुपये आणि सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18 हजार रुपये अनुदान मिळते. योजना चांगली आहे, पण तिचा सरळ लाभ स्वतःचे छत असलेल्याला होतो, आणि पुण्यातील मध्यमवर्ग बहुतांशी सदनिकांत राहतो. सिंहगड रस्त्यावरील एका सोसायटीसाठी आराखडा करताना मी पाहिले की, लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे यांची गरज भागवूनही गच्चीवर बरीच जागा उरत होती. ती वीज सदनिकाधारकांच्या मीटरमधून वाटून वजा करायची तर प्रत्येक मीटरचा मंजूर भार, प्रत्येकाची संमती, वाटपाचे प्रमाण आणि भाडेकरू बदलल्यावर काय, असे प्रश्न एकामागून एक आले. त्यानंतर आवारातील डीपीवर (वितरण ट्रान्सफॉर्मरवर) आणखी किती सौरक्षमता जोडता येईल हा प्रश्न निघाला. त्याचे नेमके उत्तर संबंधित अभियंत्याकडेही लगेच नव्हते. त्याला ते मोजणी करूनच द्यावे लागले असते. दरम्यान सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव पुढे ढकलला गेला.

ट्रान्सफॉर्मरनिहाय उपलब्ध क्षमता संकेतस्थळावर द्यावी ही अपेक्षा छतावरील सौरऊर्जेच्या विनियमांत जुनीच आहे. आयोगाने ती आता नकाशाच्या स्वरूपात, संगणकाला वाचता येईल अशा पद्धतीने आणि ठरावीक मुदतीत अद्ययावत करण्याचा आदेश द्यावा. केंद्राच्या फेब्रुवारी 2024 च्या सुधारणेने दहा किलोवॉटपर्यंतच्या संचांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासातून मुक्त केले आहे आणि पाच किलोवॉटपर्यंत जाळ्याच्या मजबुतीकरणाचा खर्च परवानाधारकावर ठेवला आहे. त्यापुढच्या आकाराच्या, म्हणजे नेमक्या सोसायट्यांच्या आकाराच्या संचांना हा नकाशाच सर्वांत जास्त उपयोगी पडेल. सामायिक गच्चीवरील वीज सदनिकांमध्ये वाटण्याची पद्धत एका पानाच्या अर्जात मावेल इतकी सोपी असावी, हेही याला जोडूनच सांगते.

नव्या स्मार्ट मीटरविषयी लोकांच्या मनात शंका आहेत आणि त्यांतील बऱ्याच आयोगाने गांभीर्याने ऐकल्या पाहिजेत. मी फक्त एकच भर घालते. हा मीटर ग्राहकाच्या खर्चातून, म्हणजे शेवटी दरातूनच बसतो आहे. तेव्हा त्यात नोंदली जाणारी वेळनिहाय माहिती ग्राहकाला स्वतःला आणि त्याच्या संमतीने तो निवडेल त्या सेवादात्याला प्रमाणित स्वरूपात, विनामूल्य मिळाली पाहिजे. ती माहिती नसेल तर दिवसा वापरलेल्या युनिटवर मिळणाऱ्या सवलतीचा लाभ किती झाला हे ग्राहक सांगू शकणार नाही, आणि त्याला तो मिळवून देणारे साधन आम्हीही बनवू शकणार नाही.

या सगळ्याला एक गंभीर हरकत घेतली जाते आणि तिला बगल देऊन पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मोठे ग्राहक छतावर पॅनेल लावून किंवा हरित खुल्या प्रवेशाने, म्हणजे वितरण कंपनीच्या तारा वापरून थेट दुसऱ्या उत्पादकाकडून, बाहेरची नवीकरणीय वीज घेऊन निघून गेले, तर तारा, उपकेंद्रे आणि जुन्या औष्णिक करारांचा स्थिर खर्च मागे राहणाऱ्यांवर पडतो. त्यात झोपडपट्टीतील एका दिव्याचा ग्राहकही येतो. उद्योगांच्या जादा दरातून शेतीपंपांचा भार उचलण्याची पद्धत राज्यात अनेक दशकांची आहे, ती एका आदेशाने मोडता येणार नाही. हरकत खरी आहे, आणि स्वच्छ ऊर्जेच्या बाजूने बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी तिला वारंवार टाळले आहे. जाळ्याचा वापर करणाऱ्याने जाळ्याचा खर्च भरावा हे तत्त्व मला मान्य आहे. छतावरील संचांची क्षमता राज्यात 5 हजार मेगावॉट होईपर्यंत ग्रिड सहाय्य आकार न लावण्याचे आयोगाने पूर्वी ठरवले होते. तशाच धर्तीवर पुढे कोणता आकार, कोणत्या क्षमतेनंतर, कोणत्या सूत्राने लागेल हे आजच जाहीर केले, तर त्याला विरोध करणारे कमी होतील. आपल्याला पाच वर्षांनी किती भरावे लागेल हे ज्याला माहीत आहे, तो त्याची तजवीज संचाच्या किमतीतच करतो.

शिवाय शेतीचा भार हलका करण्याचा मार्गही नव्या विचारातूनच निघाला आहे. शेतीचे फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या) वेगळे करून त्यांच्याजवळच सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची, ही कल्पना 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून प्रत्यक्षात आली, राळेगणसिद्धीत तिचा आरंभीचा प्रकल्प झाला, आणि 2023 पासून ती कितीतरी मोठ्या प्रमाणावर राबवली जात आहे. युनिटमागे तीन रुपयांच्या आसपासच्या दराने मिळणारी ही वीज दूरच्या औष्णिक केंद्रातून आणलेल्या विजेपेक्षा स्वस्त पडते आणि दिवसा पाणी द्यायला मिळाल्याने शेतकऱ्याचे रात्रीचे जागरण वाचते. त्या करारांना पंचवीस वर्षांची निश्चिती आहे म्हणून विकासक पुढे आले. छतावर संच बसवणाऱ्या लहान उद्योगाला, आणि बॅटरी लावू पाहणाऱ्या सोसायटीला, अशीच निश्चिती लहान प्रमाणात मिळावी एवढेच मी मागते आहे.

यासाठी विनियमांत पुढील तरतूद व्हावी. जोडणीच्या दिवशी लागू असलेली युनिटांच्या वजावटीची पद्धत आणि शिल्लक युनिटांचा हिशेब त्या संचाला किमान दहा वर्षे लागू राहील. दरपत्रकातील टीओडीच्या वेळा बदलल्या तरी या मुदतीत जुन्या संचाच्या वजावटीसाठी जुन्याच वेळा धरल्या जातील. आणि ज्या ग्राहकाला नव्या पद्धतीत जायचे असेल त्याला ते स्वेच्छेने करता येईल. टीओडीच्या वेळांत मोठा बदल करायचा असल्यास तो किमान एक वर्ष आधी जाहीर व्हावा आणि दोन-तीन टप्प्यांत लागू व्हावा. तसेच दरआदेशातील एखाद्या बदलाचा परिणाम अस्तित्वातील विनियमाच्या अर्थावर होत असेल, तर त्याचा स्वतंत्र उल्लेख जाहीर सूचनेत, मराठीतून, ठळकपणे केला जावा. याचिकेतील तक्ते वाचायला वकील किंवा सल्लागार नेमणे लहान उद्योगाला परवडत नाही.

चाचण्यांसाठीही एक मर्यादित मोकळीक हवी. उत्तर प्रदेशच्या आयोगाने शेजाऱ्याने शेजाऱ्याला छतावरील वीज विकण्याच्या पद्धतीसाठी मार्गदर्शक तत्त्वे केली आणि लखनौमध्ये तिची चाचणी झाली; ब्रिटनच्या नियामकाने 2017 पासून नियमांतून तात्पुरती सूट देऊन चाचण्या करू देण्याची सोय ठेवली. आपल्याकडेही ठरावीक फीडरपुरती, ठरावीक मुदतीची, ग्राहकाच्या संमतीने आणि निष्कर्ष जाहीर करण्याच्या अटीवर अशी सूट देता येईल. निष्कर्ष जाहीर करण्याची अट मी मुद्दाम घालते आहे. फसलेल्या चाचणीची माहितीही इतरांच्या कामाची असते आणि ती एखाद्या कंपनीच्या कपाटात पडून राहिली तर तिचा खर्च ग्राहकांनी उचलण्याचे कारण उरत नाही.

अशा चाचण्यांसाठी लागणारे मनुष्यबळ या शहरात आहे. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, वाहनांचे आणि वीजसाधनांचे कारखाने आहेत आणि दाभोळ प्रकल्पाच्या करारातील आकडे नव्वदच्या दशकात सामान्य माणसाला समजतील अशा भाषेत मांडणाऱ्या अभ्यासकांची परंपरा आहे. त्या सगळ्यांना आपल्या पुढील विनियमांच्या मसुद्यावर बोलण्याची संधी मिळावी. आयोग पुण्यात जनसुनावण्या घेतो, पण त्या बहुतेक दरवाढीच्या याचिकेवर असतात आणि ज्याच्या त्याच्या बिलातील तक्रारींतच दिवस संपतो. त्या तक्रारी मांडल्या जायलाच हव्यात. म्हणून छतावरील सौरऊर्जा, साठवण आणि मागणीची लवचिकता या विषयांवर, दरयाचिकेपासून वेगळी, एक सुनावणी आयोगाने पुण्यात घ्यावी आणि तिच्या किमान एक महिना आधी वर मागितलेल्या तरतुदींचा मसुदा मराठीत प्रसिद्ध करावा, अशी विनंती आहे. त्या सुनावणीत भट्टीच्या वीजवापराच्या नोंदी आणि सोसायटीच्या आराखड्यातील आकडे, संबंधितांच्या संमतीने, आयोगापुढे सादर करण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक वीजग्राहक व अभियंता
भोसरी, पुणे